कोरो फाटकापाशीच होते

आम्ही दोघं मिशनरी झालो तेव्हा मी सदुसष्ट वर्षांची होते आणि हे बहात्तरचे. नगरच्या ख्रिस्ती मंडळीत मिशनरी म्हटलं की डोळ्यांसमोर गोरा माणूसच येतो. माझी आई मिशनच्या दवाखान्यात दाई होती, मिससाहेबांच्या मागून औषधांची पेटी घेऊन खेडोपाडी चालायची. मी त्याच दवाखान्यात नर्स झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. हे शाळेत शिक्षक, पुढे हेडमास्तर. ज्यांना शिकवायला कुणीतरी समुद्र ओलांडून आलं, त्यांच्यातले आम्ही. आपणही कधी कुणाच्या दारात तसे जाऊन उभे राहू, हे माझ्या मनातसुद्धा नव्हतं.

मुलगी न्यूझीलंडला, लोअर हटला असते. आम्ही कायमचे तिच्याकडे आलो तेव्हा ख्राइस्टचर्चच्या भूकंपाला तीन वर्षं होत आली होती. जावई इंजिनियर, तिकडच्या बांधकामांवर होते, आठवड्यातले चार दिवस तिकडेच. मुलगी सकाळच्या ट्रेनने वेलिंग्टनला ऑफिसला जायची. नातवंडांना मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतून यायचं. आणि यांना दिवसभर काही काम नव्हतं. ज्या माणसाच्या शिट्टीवर सातशे पोरं रांगेत उभी राहायची, तो माणूस आता कचऱ्याचा डबा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा एवढंच बघत होता.

एका रविवारी उपासनेनंतर पाळकांनी सांगितलं की उत्तरेकडे किनाऱ्यावर एक लहान माओरी वस्ती आहे, तिथे दीड वर्ष राहून सेवा करायला एखादं निवृत्त जोडपं हवं आहे. यांनी मला न विचारताच हात वर केला. घरी येताना मी म्हणाले, "अहो, निदान माझ्याकडे बघायचं तरी." हे म्हणाले, "बघितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

ती वस्ती लोअर हटहून गाडीने सहा-सात तासांवर. चाळीसेक घरं, एक शाळा, एक डेअरी, म्हणजे दूध-पावापासून रबरी चपलांपर्यंत सगळं विकणारं कोपऱ्यावरचं दुकान. टेकडीच्या पायथ्याशी पांढरं लाकडी देऊळ, म्हणजे चर्च, आणि त्याच्या मागे आमचं दोन खोल्यांचं घर. आमच्या आधी तिथे एक अमेरिकन जोडपं होतं. त्यांनी त्याआधी अॅरिझोनात नवाहो आदिवासींच्या वस्तीवर काही वर्षं काढली होती. जायच्या आधी ती बाई मला घर दाखवत होती, पावसाच्या पाण्याची टाकी, लाकडं ठेवायची जागा. बोलता बोलता म्हणाली, "नवाहोंकडे पहिलं वर्षभर मी रोज काहीतरी शिकवायला जायचे. कुणी यायचं नाही. मग नुसती कॉफी घेऊन बसायला लागले, तेव्हा माणसं आली." मी मान डोलावली. मनात म्हटलं, मी मिशनच्या दवाखान्यात वाढलेली, मला ही काय सांगते.

पण तिचंच खरं निघालं. आमचा दिवस मोठ्या कामांचा नव्हताच. सकाळी सहाला उठून शेगडीत लाकडं घालायची. खोली ऊबदार होईपर्यंत शाल पांघरून स्तोत्र वाचायचं, मग हे भजन म्हणायचे. आवाज चांगला होता यांचा, खर्जातला. मग मी देऊळ झाडायचे, हे देवळाची व्हॅन पुसायचे. मंगळवारी दुपारी देवळाच्या हॉलमध्ये म्हातारी माणसं चहाला यायची. बायका तळलेला पाव आणायच्या, मी पोळ्या करायचे, आणि दोन्हीला काकवीसारखं गोल्डन सिरप लावून सगळे खायचे. शाळा सुटल्यावर काही मुलं यांच्याकडे वाचायला बसायची. माझं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन त्या देशातलं नव्हतं, त्यामुळे कुणाला औषध द्यायचं नाही अशी पाळकांनी सक्त ताकीद दिली होती. तरी बायका माझ्यासमोर मोजे काढून सुजलेले पाय पुढे करायच्या. मी हात फिरवून म्हणायचे, क्लिनिकला जा. बहुतेकींना तेवढंच हवं असायचं.

रविवारी सकाळी हे व्हॅन घेऊन फेरी मारायचे. तीन ठिकाणांहून माणसं आणायची. शेवटचं घर टेकडीवरचं, कोरोंचं.

कोरो म्हणजे आजोबा. सगळी वस्ती त्यांना तेच म्हणायची, म्हणून आम्हीही. एक्याऐंशीचे होते, बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकटेच राहायचे, सोबतीला एक म्हातारा कुत्रा. माणूस सहा फुटी, टोपी घातल्याशिवाय फाटकाबाहेर न पडणारा. देवळात माओरी प्रार्थना तेच सांगायचे. पण त्यांचं खरं काम मराएवर. मराए म्हणजे त्यांच्या कुळाचं सभाघर आणि पुढचं पटांगण. पाहुणे आले की कोरो काठी टेकत उभे राहायचे आणि पूर्वजांची नावं म्हणायचे, ज्या नावेतून ते या देशात आले तिथपर्यंत. कागद नाही, काही नाही. एखादं नाव गळलं तर त्या घराचा अपमान, असं मानतात. हे पहिल्यांदा ऐकून आले तेव्हा मला म्हणाले, "असे शिक्षक माझ्याकडे असते तर हजेरीपटच लागला नसता."

दोघांची गट्टी जमली. कोरो यांना 'टीचर' म्हणायचे आणि मला 'सिस्टर'. सकाळचं भजन ऐकायला कधीकधी ते टेकडी उतरून यायचे, पायरीवर बसायचे आणि भलत्याच मात्रेवर टाळी द्यायचे. हे चिडायचे नाहीत. वर्गात पोरांना शिकवावं तसं ताल हातावर मोजून दाखवायचे.

पहिलं वर्ष असं गेलं. माझ्या आयुष्यातलं ते एक सुखाचं वर्ष होतं, हेही सांगायला हवं.

दुसऱ्या हिवाळ्यात, तिकडे तो जून-ऑगस्टात येतो, जुलै असेल, एका रविवारी व्हॅन देवळापाशी थांबली. माणसं उतरली. कोरो नव्हते. मी यांच्या खिडकीपाशी गेले आणि मराठीत विचारलं, "अहो, कोरो?"

यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काहीच नव्हतं. कोरो आजारी आहेत असं नाही, विसरलो असं नाही, काहीच नाही. जणू मी कोणा परक्याबद्दल विचारत होते. मग हे म्हणाले, "कोण?"

व्हॅन पुलाकडच्या रस्त्याने आली होती. टेकडीचा रस्ता दुसरा. म्हणजे हे तिकडे गेलेच नव्हते. हे सगळं मला एका क्षणात कळलं. कितीतरी म्हाताऱ्यांची अशी नजर मी वॉर्डात पाहिली होती, त्यांच्या मुलांना बाजूला घेऊन समजावलं होतं. त्याआधीच्या महिन्यांत यांनी चष्मा फ्रीजमध्ये ठेवला होता, एकच स्तोत्र लागोपाठ तीन दिवस वाचलं होतं. मी त्याला थकवा म्हणत होते.

तेवढ्यात कोरोंची धाकटी बहीण दारातून पुढे आली. तिला सगळे आंटी म्हणत. देवळाच्या किल्ल्या तिच्याकडे असायच्या. तिने विचारलं, "माझा भाऊ कुठे आहे?"

मी म्हणाले, "व्हॅन गेली होती. ते फाटकापाशी नव्हते."

मला विचार करावा लागला नाही. वाक्य तयार असल्यासारखं बाहेर आलं. आजूबाजूला दहा-बारा माणसं होती. त्यांनी ऐकलं आणि आत गेली. प्रार्थना त्या दिवशी कोरोंच्या पुतण्याने सांगितली.

मंगळवारी मी कोरोंकडे गेले. ते स्वयंपाकघरात बसले होते. म्हणाले, "सिस्टर, मी नऊला बाहेर आलो होतो. पाऊस भुरभुरत होता. बराच वेळ उभा होतो." मग म्हणाले, "निदान मला तरी तसं वाटतंय. आंटी म्हणते मी नव्हतो."

सांगायची वेळ ती होती. आम्ही दोघंच होतो, समोर चहाचे कप होते, हा माणूस आमच्यावर माया करणारा होता. मी म्हणाले, "होतं असं कधीकधी या वयात." आणि त्यांच्या कपात दूध घातलं.

का केलं मी असं? मला वाटलं, कळलं तर व्हॅन काढून घेतील, मग आमची परत पाठवणी होईल. मुदत संपायला चारच महिने होते. एवढे महिने निभावून नेऊ, मग लोअर हटला जाऊन डॉक्टर बघू. यांचा मान राहील. मी याला यांच्यावरचं प्रेम म्हणत होते. त्यात माझाही मान होता हे मला नंतर कळलं. ज्या बाईच्या आईने मिससाहेबांची पेटी वाहिली, तिला आपली मिशनरी सेवा अर्धवट सोडून घरी यायचं नव्हतं.

ऑगस्टमध्ये पुन्हा झालं. कोरोंना बुधवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलं होतं. हे गेलेच नाहीत, बागेत वाफे खणत बसले. मी हॉलमध्ये होते, मला संध्याकाळी कळलं. कोरोंचा फोन आला तेव्हा मी म्हणाले, "तुम्ही गुरुवार म्हणाला होतात."

मग ते म्हणाले, "गुरुवार म्हणालो? बरं." आणि त्यांनी माझी माफी मागितली.

त्यानंतर कोरोंच्या स्वयंपाकघरात एक मोठं कॅलेंडर लागलं. प्रत्येक चौकटीत काहीतरी लिहिलेलं. बोलताना ते मधेच थांबून समोरच्याचा चेहरा बघायला लागले, आपण हे आधी सांगितलंय का ते ताडून बघायला. भजनाला येणं कमी झालं.

आंटीचं लक्ष मात्र यांच्यावर होतं. एकदा हॉलमध्ये कप धुताना ती मला म्हणाली, "तुझा माणूस थकलाय. त्याला गाडी चालवू देऊ नकोस."

मी म्हणाले, "त्यांची तब्येत उत्तम आहे. छत्तीस वर्षं मी नर्स होते, मला कळतं."

ती कप पुसत राहिली.

सप्टेंबरात दक्षिणेकडून एक मोठं कुटुंब मराएवर आलं. कोरो उठले, काठी टेकली आणि सुरुवात केली. पहिली आठ-दहा नावं नेहमीसारखी गेली, सुरात. मग ते थांबले. तेच नाव पुन्हा घेतलं. पुन्हा थांबले. कोरोंनी पुतण्याकडे बघितलं आणि खाली बसले. पुतण्या उठला आणि त्याने पुढचं पूर्ण केलं. माझ्या शेजारी बसलेले हे कुजबुजले, "अगं, यांना येत होतं की. का थांबले?"

मी मान खाली घातली. त्या दिवसापासून कोरो मराएवर उभे राहिले नाहीत.

दर रविवारी मुलीचा फोन यायचा. "आई, बाबा कसे आहेत?" मी म्हणायचे, "मजेत आहेत. इथली हवा मानवली त्यांना."

ऑक्टोबरात एक दिवस हे डेअरीतून ब्रेड आणायला व्हॅन घेऊन निघाले. वाटेत कोरो भेटले, त्यांना बरोबर घेतलं. यायला वेळ झाला म्हणून मी अंगणात आले, तर व्हॅन अगदी हळूहळू येत होती. चालवत होते हेच, पण कोरो शेजारी बसून हाताने वळणं दाखवत होते. व्हॅन थांबली. हे उतरले, ब्रेड माझ्या हातात दिला आणि काहीच न झाल्यासारखे आत गेले.

कोरो पायरीपाशी आले. म्हणाले, "पुलावर त्याने गाडी थांबवली. कुठे जायचं ते त्याला आठवेना. घाबरला होता, माझा हात धरला. मी म्हटलं, टीचर, मी सांगतो तसं जा." मग हसल्यासारखं करून म्हणाले, "आम्ही दोघं म्हातारे, सिस्टर. दोघांचीही डोकी गेली."

ते 'दोघांची' मला ऐकवेना. मी पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. रविवारचं, बुधवारचं, आंटीशी बोलले ते. ते उभेच होते. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे मी फाटकापाशी होतो."

"होता."

"आणि तो बुधवारच होता."

"हो, बुधवारच."

त्यांनी टोपी काढली, आतून बघितली, परत घातली. म्हणाले, "हे हिवाळ्यात सांगायला हवं होतंस." आणि टेकडी चढून गेले. मी त्यांना सोडायला जाऊ का, असंही विचारू शकले नाही.

त्याच दुपारी मी व्हॅनच्या किल्ल्या आंटीच्या हातात दिल्या. यांना बरं नाही, आम्ही लवकर जातोय, एवढंच सांगितलं. तिने किल्ल्या घेतल्या आणि मला जवळ घेतलं. तेव्हा बाकीचं सांगता आलं असतं. तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मी रडले, पण सांगितलं नाही.

सामान बांधताना यांच्या कोटाच्या खिशात एक कागद सापडला. हेडमास्तरी वळणदार अक्षर. पूल, मग डावीकडे. निळं फाटक, तिथे दोघी. टेकडीकडे वळायचं, कोरो, टोपी, कुत्रा. खाली माझं नाव आणि त्यापुढे लिहिलं होतं, 'हिला कळू द्यायचं नाही.' कितीतरी घड्या पडून कागद मऊ झाला होता. मी जगापासून लपवत होते आणि हे माझ्यापासून. एका खोलीत झोपायचो आम्ही, रोज सकाळी एकत्र प्रार्थना करायचो. दोघांपैकी कुणी एक शब्द बोललं असतं तरी पुरलं असतं.

निघायच्या आदल्या दिवशी कोरो आले. यांच्या शेजारी बसले, हात हातात घेतला. यांनी भजन धरलं, कोरोंनी टाळी दिली, यावेळी बरोबर मात्रेवर. नंतर मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले आणि विचारलं, "आता मराएवर पुन्हा उभे राहाल ना?"

"पुतण्या उभा राहिलाय. उभ्या राहिलेल्या माणसाला खाली बसवत नाहीत."

"पण तुमचं काही विसरलेलं नव्हतं."

"माहीत आहे. परवा कुत्र्यासमोर सगळी म्हटली. एक गळलं नाही." मग म्हणाले, "त्या दिवशी मी नावांकडे लक्ष दिलं नाही, स्वतःकडे दिलं. बरोबर म्हणतोय ना, बरोबर म्हणतोय ना. मग कसं येणार?"

माफ केलं, असं ते म्हणाले नाहीत. मीही माफी मागितली नव्हती. नुसतं सांगितलं होतं.

लोअर हटला डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला ठाऊकच होतं. मुलगी बाहेर गाडीत येऊन बसली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाली, "आई, तू नर्स आहेस." एवढंच. पुढे चार वर्षं तिने यांचं सगळं केलं, रजा काढून, ऑफिस सांभाळून. पण ते वाक्य आमच्यामध्ये राहिलं. आधी कळलं असतं तर आजार थांबला असता असं नाही, हे तिलाही माहीत होतं. पण बाबा बाबा होते ते शेवटचे काही महिने तिला आणि मुलांना मिळाले असते. ते मी खर्च करून टाकले होते.

दोन वर्षांनी आंटीचा फोन आला. कोरो गेले. त्यांच्याकडे तीन दिवस देह मराएवर ठेवतात, माणसं येतात, मृताशी उघड बोलतात. प्रेमाचं बोलतात, रागाचंही बोलतात. आंटी म्हणाली, "तू ये. तुझी जागा ठेवते." मुलगी म्हणाली, "जा आई, मी बाबांना बघते." मी म्हणाले, यांना माझ्याशिवाय चैन पडत नाही. ते काही खोटं नव्हतं. पण गेले नाही ते त्यासाठी नव्हे. तिथे गेल्यावर मला उभं राहावं लागलं असतं, आणि मग दारात दहा-बारा जणांसमोर जे बोलले होते ते परत घ्यावं लागलं असतं.

फोन ठेवण्यापूर्वी आंटी म्हणाली, "शेवटी शेवटी त्याची आठवण जरा कमी झाली होती. तुला माहीतच आहे, ती सुरुवात तुझ्यासमोरच झाली."

म्हणजे कोरोंनी कुणालाच सांगितलं नव्हतं. बहिणीलासुद्धा नाही. आणि मी फोनवर म्हणाले, "हो."

हे २०१९ साली गेले. शेवटच्या दिवसांत माझं नावही त्यांना येत नव्हतं, पण भजनाची एक ओळ कुणी धरली की पुढची म्हणायचे. सगळं आटोपल्यावर, घरातली माणसं आपापल्या कामाला लागल्यावर, मी आंटीला पत्र लिहिलं. इंग्रजी माझं बेताचंच, तीन वेळा फाडून चौथ्यांदा लिहिलं. जे घडलं ते सगळं लिहिलं, फोनवरच्या 'हो'सकट. हे तुमच्या मराएवर वाचून दाखवा, असं शेवटी लिहिलं, आणि नातीकडून पोस्टात टाकलं.

उत्तर आलेलं नाही. पत्र पोहोचलं असेल. आंटीने वाचलं असेल, किंवा घडी करून देवळाच्या किल्ल्यांपाशी ठेवून दिलं असेल. फोन नंबर आहे माझ्याकडे. पण माझं सांगून झालंय आणि आता बोलायचं की नाही ते तिने ठरवायचं, असं मी मुलीला म्हणते. मुलगी म्हणते, "आई, तू अजूनही फोन करायला घाबरतेस." ती म्हणते त्यातही तथ्य आहे.